वाजलं तर रचायचं

गवत वाळलं की नाही, हे आमच्याकडे कानाने ठरवतात. मूठभर काड्या कानाशी धरून पिळायच्या. करकर वाजल्या तर गंज रचायची, नुसत्या वाकल्या तर आणखी दोन दिवस ऊन द्यायचं. खांब गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, आणि तिथे हा निकाल आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, द्यायचे. लोक मुद्दाम बोलवायला यायचे, हे टोपी सारखी करून निघायचे. घरचं गवत कापायला आणि परतायला मात्र मी.

यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. कापलेलं गवत माळावर पसरलं, झाकलं, पुन्हा पसरलं. पाच दिवस हेच. कंबरेचा पार खुळखुळा झाला. दोन म्हशींचा वर्षाचा चारा तेवढाच. तो गेला तर त्यातली चंद्री विकायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सहाव्या दिवशी माझा मुलगा हर्षद कंपनीतली शिफ्ट बदलून आला. शेजारचा महिपतीही मदतीला आला. वर ढग जमत होते. मालकांनी मूठ कानाशी धरली, डोळे मिटून पिळली.

"वाजतंय. रचा."

त्यांनी टाकलेली मूठ मी उचलून पिळली. एक काडी वाजेल तर शपथ.

यांना नीट ऐकू येत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. टीव्ही मोठा लावतात आणि वर टीव्हीच बिघडलाय म्हणतात. पण पोरासमोर, महिपतीसमोर यांची अब्रू कशी काढू? आणि खरं सांगायचं तर आणखी दोन दिवस ते गवत परतायची ताकद माझ्यातच उरली नव्हती. मी गप्प बसले. गंज रचून हर्षद रोह्याला परत गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी गंजीतून वाफ निघत होती. मी कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसून काढला. आंबूस वास सुटला होता. मागून मालक आले, त्यांनीही हात घातला. बराच वेळ काढलाच नाही.

"तुला तवाच कळलं व्हतं?"

मी मान हलवली.

"मग बोलली का नाय गो?"

"दमले व्हते," मी म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना कळलं असावं, कारण टोपी काढून ठेवून ते गंजीवर चढले.

दोघांनी गंज उपसली. मधलं काळं पडलेलं फेकलं, बाकीचं पुन्हा माळावर पसरलं. निम्मं वाचलं. मंगळवारी चंद्रीला टेम्पोत चढवताना मी गोठ्यातच बसून राहिले.

दुसऱ्याच दिवशी महिपती दारात आला. "हैबतदादा, आमचं गवत बघायला येता काय?"

मालकांनी टोपी घातली. मला वाटलं, आता काहीतरी कारण सांगतील. ते वळून म्हणाले, "शकू, चल."

महिपतीच्या माळावर चार माणसं उभी होती. मालकांनी मूठभर गवत उचललं. सवयीने हात स्वतःच्या कानाकडे गेला, तिथेच थांबला. मग त्यांनी ती मूठ माझ्या कानाशी आणली आणि सगळ्यांदेखत पिळली.

"सांग."

"नाय वाजत," मी म्हटलं.

त्यांनी माझे ओठ वाचले आणि माळावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाय वाजत. अजून दोन दिस ऊन द्या."