बुरशीची गोष्ट आणि पालथे बाबा

दहा दिवस पालथं पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उशी फेकून मारली. मारली भिंतीला, लागली मला.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून आत वायूचा एक फुगा सोडला होता, आणि त्या फुग्याने पडदा दाबून धरायचा तर तोंड सतत खाली हवं. जेवताना, बोलताना, झोपतानासुद्धा. डावा डोळा लहानपणापासूनच नावापुरता, त्यामुळे उजव्यावर पट्टी आल्यावर सगळा अंधारच. जे काही होतं ते या एका डोळ्यावर होतं. चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केलेला माणूस, हात रिकामे कसे ठेवायचे हेच ज्याला ठाऊक नाही, तो आता पलंगाच्या कडेबाहेर तोंड काढून फरशीकडे वळून पडलेला.

मी रजा टाकली. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय" असं सांगणं हे माझं काम. माणूस निघालेला असतोच असं नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. "फार उशिरा आलात," ते म्हणाले. "पडदा चिकटण्याची शक्यता दहात दोन, फार तर तीन. त्यांना आत्ता सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." मी काहीच ठरवलं नाही. आईला सांगण्याचा प्रश्नच नव्हता, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी नुसती घरभर फिरत राहिले. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. एकच खिडकी दिवसातून दहा वेळा उघडली आणि लावली.

"काहीतरी वाच," बाबा फरशीला म्हणाले.

पेपर वाचला, तर दुसऱ्याच बातमीला "पुरे" झालं. आईने एक प्रवासवर्णन काढलं. दोन पानांनंतर बाबा म्हणाले, "मला इथे कुशीवर वळता येत नाही आणि हा गृहस्थ बर्फात बागडतोय. मिटव ते." मग माझ्याकडे मोर्चा वळला. "तू तुझी ती भुतंखेतं वाचतेस ना, ती वाच."

मी चित्रांच्या कादंबऱ्या वाचते. भयाच्या, जग बुडाल्यानंतरच्या, काळ्या शाईने ओथंबलेल्या. तेराव्या वर्षापासून. लोक विचारतात, तुला भीती नाही वाटत? वाटते की. एरवीही मला चैन पडत नाही. ती पुस्तकं वाचताना निदान त्याला काही कारण असतं. बाबांना हे कधी पटलं नाही, पण त्यांनी कधी पुस्तक हिसकावूनही घेतलं नाही. उलट एका वाढदिवसाला त्यांनी माझे सगळे सुटे अंक गुपचूप उचलून नेले आणि लाल कापडी पुठ्ठ्यात झकास बांधून आणले. फक्त कडा कापताना कडेचे संवादही कापले गेले. त्या ग्रंथातली भुतं आजतागायत अर्धीच वाक्यं बोलतात. मी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते, आणि बाबांना आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं.

"याच्यात चित्रंच जास्त आहेत," मी म्हटलं.

"मग चित्रं सांग. तोंड आहे ना तुला?"

"अगं, आजारी माणसाजवळ असलं अभद्र!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"अभद्रच वाच," बाबा म्हणाले.

तेव्हा माझ्याकडे चारशे पानांचं नवंकोरं पुस्तक होतं. त्यातल्या जगात एक राखाडी बुरशी पसरलेली असते. ती फक्त झोपलेल्या माणसावर उगवते. त्यामुळे उरलेले लोक झोपतच नाहीत. चालत राहतात, एकमेकांना चिमटे काढतात, डोळे मिटले की थोबाडीत मारतात. त्यात एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या बापाला घेऊन डोंगराकडे निघालेली असते, कारण वर गारठ्यात बुरशी जगत नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

मी फरशीवर बसून एकेक चौकट सांगू लागले. "पहिली चौकट. रस्ता. बाकावर एक बाई बसलीय. दुसरी चौकट. जवळून. बाई नाही, नुसती बुरशी आहे, पण कानातले डूल तसेच आहेत."

"कसले डूल?"

"गोल. मोत्यांचे."

"हं. पुढे."

बाबा ऐकत होते! मध्येच खोड काढायचेच. पुस्तक चाचपून म्हणायचे, नुसतं चिकटवलंय, शिवलेलं नाही, दुसऱ्या वाचनात पानं हातात येतील, वगैरे. पण ऐकत होते. चौथ्या दिवशी त्यांनी सकाळी चहाच्या आधी विचारलं, "म्हातारा जागा आहे ना अजून?" पाचव्या दिवशी आईही मटार सोलायला आमच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, मी काही ऐकत नाहीये, इथे उजेड चांगला आहे.

मला बरं वाटत होतं, पण तेवढ्यापुरतंच. भयंकरातली भयंकर चौकट मी पापणी न लववता सांगत होते, आणि "दहात दोन" एवढे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. स्वतःचाच संताप येत होता.

सातव्या दिवशी ते प्रकरण आलं. बारा पानं, एकही शब्द नाही. म्हातारा चालता चालता बसतो. मुलगी त्याला हलवते, गालावर मारते, ओरडते. तोंड उघडलेलं दिसतं, आवाज नाही. मग ती थांबते. त्याच्या शेजारी बसते. त्याचं डोकं मांडीवर घेते आणि त्याला झोपू देते. पुढच्या नऊ चौकटींत फक्त त्याचा हात आहे, आणि हातावर हळूहळू चढणारी बुरशी. शेवटच्या चौकटीत ती एकटी चाललेली.

"काय झालं? गप्प का?" बाबांनी विचारलं.

"बर्फ आहे," मी म्हटलं. "वर पोहोचलेत ते. एक घर आहे. दाराशी दोघं बसलीत."

"दोघं?"

"दोघं."

आई म्हणाली, "चला, सुटले बिचारे," आणि मटारांची सालं उचलून निघून गेली. त्यानंतर मी दोन दिवस ते पुस्तक उघडलंच नाही. डोकं दुखतंय म्हटलं, फोन आलाय म्हटलं, बाजारात जायचंय म्हटलं. दहाव्या दिवशी डॉक्टर पट्टी काढून पडदा बघणार होते. नवव्या दिवशी दुपारी आई शेजारी गेली, आणि बाबांनी हात पुढे केला.

"पुस्तक दे. जिथे थांबलीस तिथे बोट घालून दे."

मी दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं. एका चिमटीत वाचून झालेली पानं, दुसऱ्या चिमटीत उरलेली. अंगठा दोनदा फिरवला.

"अजून दीडशे पानं आहेत," ते म्हणाले. "ते पोहोचले असते, तर एवढा कागद कशावर नासला असता? खरं सांग, म्हाताऱ्याचं काय झालं?"

मी सांगितलं. ओरडण्याची चौकट सांगितली, मांडीची सांगितली, हाताच्या नऊच्या नऊ सांगितल्या.

"तिनं त्याला उठवलं नाही?"

"नाही."

"बरं केलं. दमला होता." त्यांनी पुस्तक माझ्याकडे परत केलं. "आता डॉक्टर काय म्हणाले, तेही सांग."

मला उठून जावंसं वाटलं. खिडकी लावायची होती, भांडी होती, काहीही चाललं असतं. पण ते तोंड खाली घालून थांबले होते. त्यांना कुठेच जाता येत नव्हतं.

"दहात दोन," मी म्हटलं. "फार तर तीन."

"कधी सांगितलं त्यांनी?"

"पहिल्याच दिवशी."

आता आवाज चढणार म्हणून मी अंग चोरलं. बाबांनी एक मोठा श्वास सोडला, फरशीवरची धूळ हलली.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "आणि मला नऊ दिवस वाटत होतं की या घरात मी एकटाच घाबरलोय."

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्यांच्या तोंडाखाली फरशीवर उताणी पडले आणि मोठमोठ्याने रडले, लहानपणी त्या कापलेल्या अंकांसाठी रडले असेन तेवढी. त्यांचा हात चाचपडत खाली आला. आधी माझं नाक सापडलं, मग कपाळ. तो तिथेच राहिला.

"पुरे आता," थोड्या वेळाने ते म्हणाले. "वाच पुढे. ती पोरगी तिकडे एकटी चाललीय."