सहापट पाळणा

घाटनांदूरच्या चाँद सुताराकडं चतुराबाई पिशवीतून एक लाकडी खेळणं घेऊन आल्या. सहा इंच लांब, चार इंच रुंद असा इवलासा पाळणा. दोन्ही टोकांना एकेक पोपट. त्यांच्या लेकीनं, दिपालीनं, लहानपणी त्यात बाहुल्या झोपवल्या होत्या. आता तिलाच मुलगी झाली होती. बारशाला असाच पाळणा हवा, फक्त तीन फूट लांब, असं चतुराबाईंचं म्हणणं.

चाँदनं हिशोब केला. सहाचे छत्तीस करायचे, म्हणजे तीस इंच वाढवायचे. म्हणून रुंदीतही त्यानं तीस मिळवले. चार दिवसांनी चतुराबाई चौकट बघायला आल्या आणि तिच्याभोवती दोनदा फिरल्या.

"ह्यो पाळणा हाय का चौरंग?"

चाँदनं टेप लावून मापं दाखवली. छत्तीस आणि चौतीस, कुठं चूक नव्हती, तरी पाळणा तसा दिसत नव्हता. पलीकडं त्याची बायको आफ्रीन फ्रॉक शिवत होती. ती उठून आली, तिनं खेळणं हातात घेतलं आणि लांबी किती पट झाली ते विचारलं.

"सहापट," चाँद म्हणाला.

"मग रुंदीबी सहापटच. तुमी मिळवलं कावून? गुणायचं हुतं."

चार सख चोवीस. वीस वर्षं सुतारकाम केलेला चाँद खाली बघत हसला आणि त्यानं चौकटीचे दहा इंच कापून टाकले.

मग मात्र त्याला चेवच आला. दिसेल ते सहानं गुणायचं. दीड इंचाचा पोपट नऊ इंचांचा झाला. बाजूच्या गजांमधली एक इंचाची फट सहा इंचांची झाली. चतुराबाई पुन्हा आल्या आणि खूश होऊन पाळण्याकडं बघत राहिल्या. तेवढ्यात आफ्रीनची कोंबडी दोन गजांमधून आरामात आत शिरली आणि मधोमध बसली.

आफ्रीननं कोंबडी उचलून बाहेर काढली. चतुराबाई म्हणाल्या, "चाँद, मधी दोन-दोन गज घाल बाबा. तेवढं सारखं नसलं तरी चालतंय."

बारसं दिपालीच्या सासरी, दिंद्रुडला झालं. चाँद आणि आफ्रीनला मानानं बोलावलं होतं. बाळाला पाळण्यात ठेवलं, बायका गायला लागल्या. बाळानं डोळे उघडले, डोक्यावरचा भला मोठा पोपट बघितला आणि भोकाड पसरलं. दिपालीनं आपली ओढणी दोन्ही पोपटांवर टाकली, तेव्हा कुठं नाव ठेवता आलं.