ठेक्यावर विझणारे दिवे

थोरली थकली होती. थकणं म्हणजे काय, हे लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करणाऱ्या बाईला कोणी शिकवू नये. पाय सुजलेले, मनगट ठणकतंय, आणि घरी येऊन तोंडावर पाणी मारायच्या आत बाबा दारात तयार. बूट घालून, काठी टेकून. गाडीतली संध्याकाळची फेरी! ती चुकली की जेवणावर राग निघणार.

बाबा तरुणपणी बँडमध्ये ड्रम वाजवायचे. मग कान हळूहळू गेले ते पार गेले. यंत्र लावलं, त्याचाही उपयोग होईना. माणूस भिंतीकडे बघत बसायला लागला. तेव्हा दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या धाकट्याला बापाचा एकदम पुळका आला आणि त्याने गाडीत स्टिरिओ बसवून दिला. स्टिरिओ कसला, राक्षस! डिकीभर स्पीकर आणि त्यांना जोर द्यायला ट्रंकेएवढा अँप्लिफायर.

“कानाने नाही तर नाही, ताई, ठोक्यांची थरथर लागेल, पाठीने ऐकतील,” तो फोनवर म्हणाला.

उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! गाडी चालवायची थोरलीने, कानठळ्या बसायच्या थोरलीच्या. पण बाबा खुलले, हे मात्र खरं. मागे बसून पुढच्या सीटच्या पाठीवर बोटं नाचवायचे, ठेका एक म्हणून चुकायचा नाही. त्या बोटांकडे बघून तिने कानात कापूस कोंबला आणि तक्रार गिळली.

भानगड झाली ती दिव्यांची. ठोका पडला की गाडीचे दिवे मलूल, ठोका सरला की पुन्हा लख्ख. धाकट्याला सांगितलं तर म्हणतो, “डुलतायत गाण्यावर, डुलू दे की!” परवा एका वळणावर नेमका मोठा ठोका पडला आणि समोरचा रस्ताच नाहीसा झाला. दिवे परत आले तेव्हा सायकलवरची बाई हातभर अंतरावर होती. ब्रेक लागला म्हणून निभावलं. बाई शिव्या देऊन निघून गेली. त्याच रात्री तिने ठरवलं, एक तर दिवे नीट होतील, नाहीतर राक्षस गाडीतून जाईल. राक्षस गेला तर ती बोटं थांबणार, हेही तिला कळत होतं. त्या माणसाकडे आता दुसरं उरलं होतं तरी काय?

आज ती कामावरून लवकर सुटली आणि बाबांना घेऊन तडक गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेली. त्याला सगळे बॅटरीमामा म्हणत. मामाने बॉनेट उघडलं, मीटरच्या पिना टेकवल्या, तिला गाणं लावायला सांगितलं. फळीवरचे पाने खडखडले. मामाने कानावर हात ठेवून ‘बंद, बंद’ अशी खूण केली.

“ताई, तुमच्या गाडीला अर्थ नाही.”

“माझ्या आयुष्यालाच राहिला नाही मामा, गाडीला कुठून येणार?”

“तो अर्थ नव्हे हो!” मामा हसत सुटला. “अर्थची वायर. करंट परत यायची वाट. बसवणाऱ्याने सुतळीएवढी लावलीय. हा दांडगोबा एका ठोक्याला सगळा करंट ओढतो, दिव्यांच्या वाट्याला राहणार काय?”

“आमच्या घरासारखंच म्हणायचं. एकाची हौस आणि बाकीचे अंधारात.”

मामाने अंगठ्याएवढी जाड वायर टाकली, गंज खरवडला, बॅटरी बदलली. बाहेर दिवेलागण झाली होती. थोरलीने गाणं लावलं. समोरच्या भिंतीवर दिव्यांचे दोन गोल पडले होते ते जरासुद्धा हलले नाहीत. तिला केवढं हायसं वाटलं!

“गाणं लाव की गं!” मागून बाबा ओरडले. बहिरी माणसं ओरडूनच बोलतात.

तिने आवाज वाढवला. काचा थरथरायला लागल्या.

“अगं, लाव ना!”

तिने मागे वळून तोंड मोठं करत सांगितलं, “लावलंय बाबा!” ओठांवरून त्यांना कळायचं.

“कुठे लावलंय? दिवा हलत नाहीये.”

बाबा वर बघत होते. छतातल्या बारक्या दिव्याकडे. तो दिवा बाबा कायम चालू ठेवायला लावत, आणि तिला वाटायचं, अंधाराची भीती वाटत असेल. पाठीने कसले ऐकतायत! पाठीला मऊ म्हणून जाड उशा तिनेच लावल्या होत्या, आणि पाय साखरेच्या आजाराने केव्हाच बधिर झालेले. इतके महिने बाबा त्या दिव्यावरून ठेका धरत होते. आणि आता तिने तो दिवा नीट करून ठेवला होता. बाबांचे हात मांडीवर नुसते पडले होते. थोरलीला रडूच यायला लागलं.

तिने मामाला सगळं सांगितलं. मामाने डोकं खाजवलं.

“परत बिघडवून देऊ?”

“नको हो! कुणाला तरी मारून बसेन मी.”

“मग असं करतो. स्पीकरला जाणारी वायर त्या छतातल्या दिव्याला जोडतो. ठोका पडला की तो उजळेल, पुढचे दिवे आपले जागच्या जागी.” मामाने डिकीकडे बोट केलं. “स्पीकर काढून टाकू? का आवाज हवाय?”

“कुणाला?” थोरली म्हणाली, आणि स्वतःच चमकली. बाबांना ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात कापूस होता. इतके महिने तो सगळा धुमाकूळ घातला होता तरी कुणासाठी? ती हसायला लागली आणि डोळे पुसत बसली. “काढा मामा, काढा एकदाचे!”

मामाने स्पीकर सोडवले. दिवा ठेक्यावर लुकलुकायला लागला तसे बाबा सरसावून बसले.

“हां, आता कसं!”

गाडी रस्त्याला लागली. थोरलीने कानातला कापूस काढून फेकला. इंजिनाची घरघर आणि सीटवर पडणारी बाबांची बोटं, एवढंच ऐकू येत होतं. आणि आणखी काहीतरी. आधी तिला वाटलं, गाडीतच कुठेतरी कुईं वाजतंय. मग ते शब्द झाले. बाबा गात होते! ओरडून नाही, स्वतःशीच हलक्या आवाजात, सूर पार घसरलेला, शब्द जागोजागी चुकलेले, पण कडव्यामागून कडवं.

त्यांचे ओठ हलताना तिला आरशात रोज दिसायचे. म्हातारपणी तोंड चाळवतं, असं ती धरून चालली होती. रोज हा माणूस आपल्या मागे बसून गात होता, आणि आपण कापूस घालून, कधी एकदा घर येतंय म्हणून गाडी हाणत होतो! घराची गल्ली मागे पडली तरी ती सरळ निघाली.

“गा बाबा,” ती म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते गातच होते.