चाळीस स्लायडर

दादाच्या उजव्या हाताची करंगळी आधी रुसली, मग तिच्या शेजारचं बोट. सतरा वर्षं वाद्यवृंदात सिंथेसायझर वाजवलेला माणूस. त्याने दोन महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. उरलेल्या तीन बोटांवर कार्यक्रम रेटून नेले. वहिनीला कळलं ते शर्टाच्या गुंड्यांमुळे. एका सकाळी तो गुंडीशी झटापट करत आरशासमोर उभा होता आणि घामाने निथळत होता. डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद बाजूला सारून स्पष्टच सांगितलं: हातापायांतलं बळ असंच जात राहणार, पुढे बोलणंही जड होणार, आणि यावर औषध नाही.

वहिनीने हे फोनवर बारकीला सांगितलं. बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी घरात तिचं नाव बारकीच. ती एका कारखान्यात वॉशिंग मशीनवरचे पडदे आखायची. कुठलं बटण कुठे, केवढं, दाबल्यावर काय दिसायचं, हेच तिचं काम. तिने फोन ठेवला. रडू येईना. मग तिच्या मनाने जे एक काम तिला येत होतं तेच धरून ठेवलं.

दादाचा सिंथ जुना होता. दोन ओळींचा इवलासा पडदा, आणि साधा बदल करायचा तरी एकच बटण सात-आठ वेळा दाबायचं. पण मिडीची, म्हणजे वाद्य संगणकाला जोडायची, केबल लावली की बाहेरून त्याला आकडे पाठवता येत होते: अमक्या नंबरचा नळ एवढा उघड, तमका एवढा बंद कर. बारकीने पुस्तिकेतून सगळे नंबर शोधून काढले आणि एका मोठ्या टॅबवर चाळीस स्लायडरांचं पॅनेल बांधलं. आवाज किती उजळ, किती जाड, किती थरथरणारा, किती वेळाने विरणारा, सगळं एका नजरेत. बोटाने सरकवलं की झालं.

रविवारी सकाळी ती ते घेऊन गेली.

"अगं, पण सुकवायचं बटण कुठंय?" दादा म्हणाला. "आणि लोकरीच्या कपड्यांचं?"

"गप बस आणि हात लाव."

त्याने हात लावला आणि सिंथ असा किंचाळला की वहिनी हातातलं भांडं घेऊनच धावत आली. पॅनेलच्या मते आवाज शून्यावर होता, सिंथच्या पोटात तो भलतीकडेच होता. बोट लागताच त्याने उडी मारली. पॅनेलने उघडताक्षणी आधी सिंथला त्याची खबर विचारायची, एवढी अक्कल त्याला शिकवायला बारकीला आणखी चार संध्याकाळी लागल्या.

मग मात्र दादा हरखला. "सतरा वर्षं हा माझ्या मांडीला मांडी लावून बसला, पण ह्याच्या पोटात काय काय आहे ते मला आज दिसतंय, बारके." त्याने नवे नवे आवाज बनवले. ते ऐकवायला वाद्यवृंदातल्या गायकाला बोलावलं. गायकाने तोंड भरून कौतुक केलं, आणि निघताना चपलेत पाय सारता सारता सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून दुसरा वाजवणारा घेतलाय.

"बरं केलंस," दादा म्हणाला. "कार्यक्रम अडता कामा नये."

त्यानंतर आठ दिवस त्याने पॅनेलकडे ढुंकून पाहिलं नाही.

बोटं जड पडत गेली तशी बारकी स्लायडर रुंद करू लागली. पडदा तर तेवढाच. म्हणजे काहीतरी कमी करणं आलं. तिने गुपचूप दहा काढले. दादाच्या ते लगेच ध्यानात आलं.

"थरथर कुठे गेली?"

"महिनाभरात तू तिला हात लावला नाहीस, दादा. बाकीच्यांना ऐसपैस जागा झाली ना?"

"तुला काय ठाऊक, हात लावला नाही ते?"

"पॅनेलमध्ये नोंद होते," बारकी बोलून गेली. कशाला किती वेळा बोट लागलं ते पॅनेल मोजत होतं. कारखान्यात असंच करतात, त्यात काही वावगं असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे तू माझी बोटं मोजत होतीस." दादाचा चेहरा उतरला.

"तुझ्याच सोयीसाठी..."

"सोय! वापरली नाही, पण घरात होती ना? उद्या मी फार बोलत नाही म्हणून माझं तोंडही काढून ठेवशील."

तोंडून निघून गेलं, आणि मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. त्याची जीभ जड होऊ लागली होती, ते घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बारकीने मोजणी काढून टाकली. दहाच्या दहा परत आणून ठेवले. पुढच्या रविवारी दादाने स्वतःच नियम घातला: काय काढायचं ते तो सांगेल. तेव्हापासून तसंच चाललं. तो एक स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सावकाश सरकवायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा, आणि म्हणायचा, "काढ." कधी एका सकाळी तीन जायचे. घुमारा काढायला त्याने चार रविवार घेतले.

वर्ष सरेपर्यंत एकच उरला, उजळपणाचा. खिडकी उघडावी आणि मिटावी तसा तो आवाज उघडायचा, मिटायचा. दादाच्या डाव्या अंगठ्याची हालचाल आता तांदळाच्या दाण्याएवढी होती. तेवढ्या दाण्यात अख्खा स्लायडर बसवायचा होता. त्यातही अंगठा कापायचा; कुठली हालचाल दादाची आणि कुठली आजाराची, हे ठरवण्यात बारकीचे दोन आठवडे गेले.

पण सिंथच्या पट्ट्या दाबणार कोण? दादा काहीतरी बोलला. त्याचं बोलणं आता एकट्या वहिनीला समजायचं.

"तू दाब म्हणतायत."

"मी? मला कुठे येतं!"

लहानपणी तिने एकदा त्याच्या पेटीला हात लावला होता, तेव्हा त्याने तिच्या तळव्यावर फूटपट्टी ओढली होती. त्यानंतर 'मला नाही बाई सुरांतलं कळत' असं ती सगळ्यांना सांगत आली, आणि सांगून सांगून तिला ते खरंच वाटू लागलं होतं. दादा पुन्हा काही बोलला. वहिनीने कान जवळ नेला आणि तिला हसू आवरेना.

"म्हणतायत, घाबरू नकोस, फूटपट्टी धरायला आता हात कुठे आहेत!"

बारकी हसता हसता रडली, आणि सिंथसमोर बसली. कुठल्या दोन पट्ट्या, ते त्याने वहिनीकरवी सांगितलं. तिने त्या दाबून धरल्या. दादाचा अंगठा हलला. बंद खोलीतून यावा तसा येणारा आवाज हळूहळू उजळत गेला, भरला, आणि पुन्हा मिटला. पुढचे सात आठवडे ती कामावरून थेट तिकडेच जायची. त्याच्या अंगठ्याकडे पाहून पट्टी कधी बदलायची ते तिला सांगावं लागेनासं झालं.

एका बुधवारी अंगठा हलला नाही. तिने स्लायडर आणखी हळवा केला, इतका की त्याच्या श्वासाने उशी हलली तरी तो आपोआप सरकू लागला. दादा तो आवाज ऐकत राहिला. मग त्याने दारात आलेल्या वहिनीकडे पाहिलं आणि तो काहीतरी पुटपुटला.

"काढ म्हणतायत," वहिनी म्हणाली.

"आज नको," बारकी म्हणाली. तिने त्याचं ऐकलं नाही. शुक्रवारी पहाटे तो गेला.

दीड महिन्याने वहिनीने आपण होऊन गायकाला बोलावलं. त्याने सिंथ चादरीत गुंडाळला. जाता जाता जरा संकोचून त्याने विचारलं, "ते पॅनेलही मिळालं असतं तर... आमचा नवा मुलगा हुशार आहे, शिकेल."

बारकीने टॅब उघडून त्याच्यापुढे धरला. काळा पडदा, मधोमध एकच पट्टा.

"हात धड असलेल्याला हे काही कामाचं नाही, भाऊ."

त्याने ते पाहिलं, मान हलवली, आणि ओझं उचलून जिना उतरला.

वहिनीने ताटं मांडली. दोघी जेवायला बसल्या. मग वहिनी म्हणाली, "तुम्ही दोघं वाजवायचात ना, तेव्हा मी आत दार लावून बसायचे. तेवीस वर्षांचा संसार, पण शेवटी त्यांचं बोलणं तुलाच कळायला लागलं, माझ्यावाचून. मला ते ऐकवत नव्हतं."

बारकीने तांब्या उचलला. तिने वहिनीच्या पेल्यात पाणी ओतलं. वहिनी ते अर्धं प्यायली आणि उष्टी भांडी गोळा करू लागली.