सीटमागची पिशवी

तिने सायकल कठड्याला टेकवली आणि सीटमागच्या पिशवीचा पट्टा पुन्हा ओढून आवळला. चढावर उभं राहून पेडल मारलं की ती पिशवी डावी-उजवी हेलकावे खायची आणि सायकल मागून कुणी ओढल्यासारखी व्हायची.

सायकल दादाची. रस्त्यावर पळवायची, हलकी. कॅरिअर बसवायची सोयच नाही. म्हणून सामान हँडलवर, फ्रेमच्या त्रिकोणात आणि सीटमागे वाटलेलं. जड वस्तू फ्रेममध्ये ठेव, मागे फक्त कपडे, असं दुरुस्तीवाल्या काकांनी बजावलं होतं. तिने स्टोव्ह, हत्यारं, तंबूच्या काठ्या, सगळं मागेच कोंबलं. तू चार दिवस निघालीस तरी बिऱ्हाड घेऊन निघतेस, असं दादा चिडवायचा.

गेल्या वर्षी याच घाटाच्या उतारावर तो दरीत गेला. सायकल वळणावर उभी सापडली, ओरखडासुद्धा नव्हता. त्याचा राहिलेला रस्ता आपण पुरा करायचा, एवढंच तिने ठरवलं. ती निघाली तेव्हा आईने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

अर्धा घाट चढल्यावर धुकं उतरलं. हळूहळू सायकल सरळ चालू लागली, पाय हलके पडू लागले. पट्टा एकदाचा बसला, असं तिला वाटलं. मागे कुणीतरी धापा टाकत होतं. तिने वळून पाहिलं, रस्ता रिकामा होता. ती थांबली की तो आवाजही थांबायचा.

माथ्यावर पाणी प्यायला ती उतरली, तेव्हा पिशवी जागेवर नव्हती. पट्टे तुटलेले नव्हते. कुणी सावकाश सोडवावेत तसे सुटे लोंबत होते.

मागे फिरायचा धीर तिला झाला नाही. ब्रेक दाबतच ती पलीकडे उतरली. पायथ्याच्या खाणावळीच्या पायरीवर तिची पिशवी ठेवलेली होती.

"तुमच्या भावाने ठेवलीय," टेबल पुसता पुसता मालकीणबाई म्हणाली. "आत या म्हटलं, पण उंबऱ्याच्या आत काही आला नाही. पाणीही नको म्हणाला."

तिने दाराची चौकट धरली. "भाऊ आहे, असं तो म्हणाला?"

"हो. मागून बहीण येतेय, बिऱ्हाड घेऊन निघालीये, म्हणाला."

तो कुठे गेला, हे तिने विचारलं. बाईने घाटाकडे हात केला. परत वर गेला, चालत.

तिने पिशवी उचलली. ती बर्फासारखी गार होती. ती सायकलला बांधत होती, तेवढ्यात फोन वाजला. आई होती. निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"एवढं ओझं झेपतंय का गं तुला?"

तिने घाटाकडे पाहिलं. वरची वळणं धुक्यात बुडाली होती.

"झेपतंय, आई. वाटून घेतलंय आम्ही."

मग आई म्हणाली,

"त्याला सांग, उतारावर सावकाश."