रांगेतून पाहिलेली लढाई

मी पेटी बोलतेय. शहरातले लोक मला टीव्ही म्हणतात, पण आमच्या दूध संस्थेत येणाऱ्या बायका पहिल्या दिवसापासून "पेटी लाव की रं" असंच म्हणत आल्या, म्हणून मी पेटी. पेटी म्हणजे बाईच. आणि बाई बोलायला लागली की मधे कुणी तोंड घालायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत गेले. एकानं काच बसवली, दुसऱ्यानं पाठ लावली, तिसऱ्यानं थोबाडीत दिल्यासारखी थाप मारून बघितली आणि खोक्यात घातलं. शहाण्णव साली शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेला स्वच्छ दुधाबद्दल बक्षीस मिळालं, ते बक्षीस म्हणजे मी. जयसिंगपुरातून टेंपोत बसून आले, शेजारी पेंडीची पोती. गावात उतरल्यावर माझ्या काचेवरच हळदीकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला आणि त्याचं पाणी थेट माझ्या पाठीच्या भोकांत सोडलं. ते वाळायला आठ दिवस गेले. तेवढ्यात सगळं गाव बोलून मोकळं झालं, की बक्षिसात बिघडलेली पेटी दिली. नारळाचं नाव कुणी घेतलं नाही.

मला भिंतीवरच्या फळीवर बसवलं. माझ्या खाली केरबाचं टेबल. केरबा फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, संस्थेत दूध मापायचा. त्याची पाठ कायम माझ्याकडे आणि डोळे मापावर.

संध्याकाळी साडेसहाला रांग लागायची. आधी वरच्या आळीतले लोक येत, कारण ते जवळ राहतात. त्यांचं माप होऊन ते घरी गेले, की मळ्यातले लोक सायकलीला किटल्या अडकवून येत. खोली एवढीशी. निम्मी रांग बाहेर पायरीवर. बाहेरच्यांना माझा आवाज ऐकू यायचा, तोंड दिसायचं नाही. आत आलेला माणूस फॅट किती लागली ते बघणार, का माझ्याकडे बघणार? तरी रोज घरी जाऊन सांगायचे, पेटी बघून आलो म्हणून.

ह्या रांगेत बनाबाई असायची. एक म्हैस, दोन वेळचं दूध. तिचा सयाजी फौजेत होता. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई झाली आणि सयाजी पेटीतून आला. माझ्यासारख्या पेटीतून नव्हे, लाकडाच्या.

त्या पंधरा ऑगस्टला संस्थेनं ठरवलं, की आमच्या अंगणातल्या झेंड्याची दोरी बनाबाई ओढणार. केरबानं आधी फौजी आवाजात सयाजीचं नाव घ्यायचं, मग दोरी. वर्षाकाठी दोनदा ते नाव साऱ्या गावासमोर मोठ्यानं घेतलं जाणार होतं. घरात तर ते कुणी घेतच नव्हतं. सून माहेरी गेलेली, नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला. बनाबाईला पेन्शनीपेक्षा त्या हाकेचं अप्रूप होतं.

दिवाळीनंतर टीव्हीवाले आले. लढाईवर तासाभराचा माहितीपट काढत होते. त्यांनी बनाबाईला झेंड्याच्या खांबाजवळ खुर्चीवर बसवलं आणि प्रश्न विचारले. मी फळीवरून सगळं ऐकत होते.

माहितीपट लागला जानेवारीच्या पहिल्या रविवारी, साडेसहालाच. माझ्या पोटातून तो अख्खा तास बाहेर पडला, म्हणून मला तो पाठ आहे. सुरुवातीला तोफा, पुढाऱ्यांची भाषणं, आणि बनाबाई: "माझ्या सयाजीनं पाठ दाखवली न्हाय." मधे शवपेट्या आणि जाब विचारणारे लोक. शेवटी सीमेपलीकडच्या एका बाईचं अंगण, तिचा पोरगाही गेलेला. तिच्यामागोमाग पुन्हा आमची बनाबाई: "तिचंबी पोरगं गेलं म्हणं. मला त्यात आनंद वाटत न्हाय. पोटचंच असतंय ते."

आता हे पाहिलं कुणी? वरच्या आळीनं पहिली वीस मिनिटं पाहिली आणि दूध घालून घरी गेली. मळेकऱ्यांनी शेवटची वीस मिनिटं ऐकली, तीही पायरीवरून, कॅनच्या खडखडाटात. मधली वीस मिनिटं मी आणि एक पाल, दोघींनीच पाहिली. खुद्द बनाबाई रांगेत होती. आपलं तोंड दिसल्यावर तिला लाज वाटली, खाली मान घालून माप करून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण पेटलं.

वरच्या आळीतले उदयसिंह गुरुजी किटली ठेवत म्हणाले, "ही सरकारची जाहिरात हाय. नुसती भाषणं. एक प्रश्न विचारला न्हाय त्यांनी."

मळ्यातला बाळाप्पा मागून ओरडला, "गुर्जी, काय बगितलासा तुमी? ते तर पलीकडच्यांचं गुणगान हुतं. त्यांच्या बाईला रडताना दावत्यात, आन आमची बनाक्काबी त्यांच्याच बाजूनं बोलत्या."

"भाषणं न्हवती?"

"एकबी न्हवतं."

"रडणारी बाई न्हवती."

"हुती की. ह्या कानानं आयकलो."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून कुणी मागं हटेना. दोघांनी वाहिनीला पत्रं लिहिली. गुरुजींचं, तुम्ही सरकारचे भाट. बाळाप्पाचं, तुम्ही शत्रूचे मित्र. खाली गावच्या सह्या, आणि निम्म्या माणसांनी दोन्हीकडे सही केलेली. संस्थेच्या सचिवानं दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घातली.

सगळ्यांत जास्त तापले ते चेअरमन गणपतराव. ते त्या रविवारी लग्नाची सुपारी फोडायला इचलकरंजीला गेले होते, त्यामुळे त्यांनी माहितीपटाचं एक मिनिटही पाहिलं नव्हतं. त्यानं त्यांचं काही अडलं नाही. पाहिलेल्या माणसाला थोडंफार थांबावं लागतं, आठवावं लागतं. ह्यांना मोकळं रान.

त्यांनी बनाबाईला संस्थेत बोलावलं.

"आक्का, टीव्हीवाल्यांनी तुमच्या तोंडात घातलं, एवढंच म्हणा गावासमोर. बाकी मी बघतो."

"तोंडातलं दात माझं हायत न्हवं? मग बोलणंबी माझंच."

"गावाची अब्रू हाय ह्यात."

"माझ्या एका बोलण्यानं जात असंल, तर ती अब्रू आधीच ढिली हुती."

गणपतरावांनी उपरणं झटकलं. "मग सव्वीस तारखेला दोरी मी धरीन. तुमी येऊ नका म्हणत न्हाय. या, हुभं ऱ्हावा."

चेअरमन गेल्यावर बनाबाई केरबाच्या टेबलापाशी आली. "दोरी जाऊ दे रं. नाव तरी घेशील का?"

केरबा मापाला कापड घासत राहिला. "चेअरमन म्हणत्यात, यंदा नुसतं राष्ट्रगीत. नाव न्हाय."

लढाईत गेलेल्या माणसाचं नाव, फौजेतून आलेल्या माणसाला घेता येईना. मी फळीवर बंद होते, म्हणून बरं. चालू असते तर काय दाखवलं असतं, सांगता येत नाही.

मग वाहिनीचं उत्तर आलं. छापील कार्ड. "आमच्या कार्यक्रमाच्या आपण केलेल्या कौतुकाबद्दल आभारी आहोत. प्रेक्षकांच्या आग्रहास्तव तो येत्या रविवारी त्याच वेळी पुन्हा दाखवत आहोत." गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

त्या रविवारी साडेसहाला रांग लागली. पहिली चिमणाबाई. ही बनाबाईची शेजारीण, पण मैत्रीण म्हणू नका. कडब्याच्या गंजीवरून दोघींचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. चिमणाबाईनं केरबाच्या हातातलं माप काढून घेतलं, उलट्या कॅनवर बसली आणि माप मांडीवर ठेवलं.

"पिच्चर सपल्याबिगर कुणाचं दूध मापायचं न्हाय."

"आगं टेंपो येतोय," केरबा म्हणाला.

"थांबंल. थंडीचं दिवस हायत, तासाभरात दूध नासत न्हाय."

"तुला एवढा बनाबाईचा पुळका कधीपास्नं?" गणपतरावांनी दारातून विचारलं.

"मला ती आवडत न्हाय. पण शिव्या द्यायच्या तर नेमकं कशाला द्यायच्या, ते मला कळलं पायजे. तुमीबी बसा, चेअरमन. तुमी तर बगितलंच न्हाय म्हणं."

बसले. काय करतील? पायरीवरचे आत आले, मांडीला मांडी लावून बसले, किटल्या मधे. बनाबाई कोपऱ्यात. माझ्या जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्याकडे तोंड करून बसली होती. मला थोडं लाजल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू?

भाषणं आली तेव्हा बाळाप्पा खाली बघायला लागला. शवपेट्या आल्या तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "हे मी पाहिलं न्हवतं." बाहेर टेंपोवाला हॉर्न देत होता, त्यालाही कुणीतरी आत ओढून बसवलं.

मग ती पलीकडची बाई आली, आणि मागोमाग खुर्चीवर बनाबाई. तिच्या खांद्यामागं, झेंड्याच्या खांबाला टेकून, फेटा बांधलेले गणपतराव. नजर थेट कॅमेऱ्यात. बनाबाई म्हणाली, "तिचंबी पोरगं गेलं म्हणं." गणपतरावांनी जोरात मान हलवली. "मला त्यात आनंद वाटत न्हाय." पुन्हा मान. "पोटचंच असतंय ते." ह्या खेपेला तर त्यांनी डोळे मिटून, अगदी भजनात हलवतात तशी मान हलवली.

मग मागून खुदखुद सुरू झाली आणि पुढपर्यंत आली.

बाळाप्पा म्हणाला, "चेअरमन, बनाक्का एकदा बोलली, तुमी तीनदा व्हय म्हणालासा की."

"मी आयकतच न्हवतो," गणपतराव म्हणाले. "फेटा सुटत हुता. तो सावरत हुतो."

"मग लिवा पत्र," चिमणाबाई म्हणाली. "आमच्या मानंचा विपर्यास केला म्हणावं."

त्यावर बनाबाईसुद्धा हसली. सयाजी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला, तेव्हा बाकीच्यांचं हसणं आपोआप थांबलं.

गणपतराव उठले. वाईट माणूस नव्हे, नुसता घाईचा. "आक्का, दोरी तुमीच धरा," ते म्हणाले. "आन केरबा, नाव घ्यायचं. मोठ्यानं."

म्हणून भांडण मिटलं असं समजू नका. गुरुजी अजून म्हणतात जाहिरात होती, बाळाप्पा अजून म्हणतो शत्रूची बाजू होती. चिमणाबाई आणि बनाबाई अजूनही बोलत नाहीत. पण सव्वीस तारखेला सकाळी केरबानं अंगणात अशी काही हाक दिली, की माझी काच थरथरली. मी फळीवरून झेंडा बघू शकत नव्हते. दोरीची कप्पी कुरकुरलेली तेवढी ऐकली.

आता ह्याला नऊ वर्षं झाली. घरोघरी टीव्ही आले, छपरावर डिश आली. संस्थेत दूध मापायला यंत्र बसलं आणि मी माळ्यावर गेले. माझं चित्र आधी हिरवं झालं, मग आडवं, मग गेलंच. आता ज्याची त्याची पेटी ज्याच्या त्याच्या घरात. हातात रिमोट. पाच मिनिटं हे, दोन मिनिटं ते, आणि सकाळी चौकात पुऱ्या तासाची भांडणं. माप अडवून बसायला चिमणाबाई तरी किती घरं फिरणार?

आज भंगारवाला आलाय. तांब्याची तार काढून घेईल आणि काच फोडून टाकील. माझी त्याबद्दल तक्रार नाही, चाललेल्या वस्तूनं कुरकुर करू नये. तुम्हाला एवढंच सांगणं, की भांडायचं तर भांडा, पत्रं लिहा, सह्या करा. पण आधी बूड टेकून शेवटापर्यंत बघा. तास असतो तो. म्हशीला चरायला सोडलं तरी त्याहून जास्त वेळ लागतो.

चला. त्या भंगारवाल्या पोराला म्हणावं, एकट्यानं उचलू नको, अजून एका माणसाला हाक मार. मी दिसते त्यापेक्षा जड आहे.