पीर झालेला दगड

नाक मुरडणार नसाल तर सांगतो. मी एक संडासाचा दगड बोलतोय. ऐऱ्यागैऱ्या नाही हां, रोमन संडासाचा! अस्सल संगमरवर, मधोमध गोल भोक. शहर भरात होतं तेव्हा व्यापारी, वकील, नगरशेठ अंगरखे सावरत ओळीनं बसायचे आणि गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. पुढे धरणी हलली. खांब पडले, देव पडले. मी तेवढा कुशीवर उभा राहिलो. अंगावर एक भेग आली, बस.

मग तुर्क धनगर आले. भोक बघून म्हणाले, हा पिराचा दगड! डांग्या खोकल्याचं पोर आरपार काढलं की बरं होतं. हसू कशानं? मला तोंड नाही.

परवा झुल्फिये आजी खोकणाऱ्या नातीला, एल्मासला, घेऊन आली. मागून सून नेर्गिस.

"अहो आई, केवढी झालीय ती! मावायची नाही."

"तुझा नवरा निघालाय यातनं, रेड्याएवढा होता. धर पाय!"

"निदान जाकीट तरी काढू."

"आणि वारा लागला म्हणजे?"

डोकं गेलं, खांदे गेले. जाकिटाचा बोळा झाला आणि पोर कमरेत अडकली. पुढे जाईना, मागे येईना. त्यात उबळ आली. ओठ निळे पडू लागले.

"रेजेपभाऊ, घण आणा!" नेर्गिस ओरडली.

शेजारच्या रानात दगड फोडणारा रेजेप धावला. घण उचलला आणि थिजला. "पिरावर घाव? हात झडतील माझे!"

अरे टोणग्या, मी पीर नाही, संडास आहे! घाल त्या भेगेवर! जीव तोडून ओरडलो. पण दगडाचं ऐकतो कोण?

नेर्गिसनं घण हिसकावला. "झडू देत माझे. आई, तिचं डोकं झाका!"

पहिला घाव निसटला. दुसरा भेगेवर बसला आणि मी उभा चिरलो. पोर आजीच्या ओटीत पडली. आवाज नाही. श्वास नाही. आजीनं पाठीत धपाटा घातला, तसं पोरीनं असं भोकाड पसरलं, की शेळ्या पांगल्या!

"पिरानं जीव दिला गं पोरीसाठी," आजी रडली. नेर्गिस मात्र पोरीला उचलून तडक डॉक्टरकडे निघाली.

आता माझ्या दोन्ही तुकड्यांना नवसाच्या चिंध्या बांधतात. संडासाचा पीर केला, पिराचा हुतात्मा! बाबांनो, खोकला झाला तर नेर्गिसच्या वाटेनं जा. माझ्यावर नुसते टेका, चार गप्पा मारा. बसण्यासाठीच घडवलंय मला. फक्त आता कपडे सोडू नका.